नाव घेता येत होतं तेव्हा

हे मी डाव्या हातानं लिहिते आहे. उजवा हात मांडीवर पडून असतो, रुसलेल्या जावयासारखा. रोज सकाळी अर्धं पान, त्याहून जास्त नाही. अर्ध्या पानाला मला दीड तास लागतो. एखादा शब्द आठवला नाही तर तिथे रेघ ओढते आणि पुढे जाते. दोन-चार दिवसांनी भाजी निवडताना तो शब्द आपसूक येतो, मग वही काढून रेघेवर बसवते. तुम्हाला हे वाचायला अर्धा तास लागला तर कुरकुर करू नका.

माझं नाव शालन. मेढ्याच्या वर, खाली वेण्णा नदी दिसते अशा डोंगराच्या अंगाला आमचं गाव आहे. तिथे मी अंगणवाडी चालवत होते. मालक फौजेत हवालदार होते. त्यांचं नाव लिहायला आमच्यात हरकत नसते, म्हणून लिहून ठेवते : आनंदराव. मी मूळची तोंडाळ. पोरांना गाणी शिकवायची, त्यांच्या आयांना दमात घ्यायचं, ग्रामसेवकाला चार लोकांत सुनवायचं, ही माझी कामं. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की आमच्या गल्लीतली कोंबडीसुद्धा गप्प बसते, असं मालक म्हणायचे.

या आजारात माझा हात गेला, अंगणवाडी गेली. त्याचं दुःख आहेच. पण जे मला आतून खात होतं ते वेगळं होतं. माझ्या नवऱ्याची खात्री झाली होती की मी त्यांना विसरले. मी विसरले नव्हते, आणि हे त्यांना सांगायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. ज्यांच्या घरात माणूस असं अचानक मुकं होऊन पडलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते.

सुकडीची वाटी

गावची यात्रा चार दिवसांवर आली होती. मालक दोन महिन्यांच्या सुट्टीवर घरी होते. मी अंगणवाडीत सुकडी वाटत होते. आदल्या दिवसापासून डोकं ठणकत होतं, पण ते माझं नेहमीचंच. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी दोनदा बजावलं होतं की रक्तदाब जास्त आहे, गोळी सुरू करा. गावातल्या गरोदर बायांना मी समोर उभं राहून लोहाच्या गोळ्या गिळायला लावत होते. स्वतःच्या गोळ्या मात्र घरी डब्यात तशाच होत्या. शहाणपण दुसऱ्याला वाटायचं असतं, असा माझा समज होता.

वाटी हातातून पडली. उचलली, पुन्हा पडली. मदतनीस पारूबाईला मला "झाडू आण" म्हणायचं होतं, तोंडातून "दिवाळी आण" निघालं. ती हसली. मीही हसले. तिसऱ्यांदा तसंच काहीतरी निघालं तेव्हा तिचं हसू गेलं आणि ती पदर खोचून आमच्या घराकडे पळाली.

मालकांनी जीप ठरवली. मेढ्यापासून साताऱ्यापर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि थोरले दीर मागे बसले होते. मला फार काही झालं आहे असं वाटतच नव्हतं. यात्रेच्या पुरणपोळीची डाळ निवडायची राहील, एवढीच मला काळजी.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी पेन दाखवून विचारलं, हे काय? मी म्हटलं, चमचा. घड्याळ दाखवलं. मी म्हटलं, वाटी. चुकतंय ते मला ऐकू येत होतं, पण दुरुस्त करता येत नव्हतं.

मग त्यांनी मालकांकडे बोट केलं. "हे कोण तुमचे? यांचं नाव सांगा बघू."

ते नाव मला येत होतं. अख्खंच्या अख्खं तोंडात होतं. त्या दिवशी पेन गेलं होतं, घड्याळ गेलं होतं, पण ते नाव जागेवर होतं.

एकोणीस वर्षांच्या संसारात मी ते नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं तर मी कार्ड पुढे करायचे. मतदानाला गेले तर मागची बाई सांगायची. त्यांना हाक मारायची झाली तर "आवं" म्हणायचं, आणि फारच लांब असले तर भांडं वाजवायचं. आणि इथे कॉटच्या पायथ्याशी सासू उभी, थोरले दीर उभे. मी पदर पुढे ओढला, खाली बघितलं आणि हसले.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मी मान हलवली. मला म्हणायचं होतं, यांच्यासमोर नको.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मालकांना म्हणाले, "ओळख राहिलेली नाही. नवऱ्याचं नावसुद्धा गेलंय."

मला वाटलं, आता आत्ती बोलतील. आत्ती बोलल्या नाहीत. मालकांनी माझ्याकडे बघितलं. बर्फात दोन-दोन हिवाळे काढलेला तो माणूस, पण त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते व्हरांड्यात निघून गेले.

मी मनाशी ठरवलं, संध्याकाळी आत्ती चहाला खाली गेल्या की हळूच मालकांच्या कानात सांगायचं. आत्ती खाली गेल्याच नाहीत. पडल्या पडल्या माझा डोळा लागला. सकाळी जाग आली तेव्हा उजवं अंग माझं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्ताची गाठ वाढली. तोंडात एकही शब्द उरला नव्हता. तो चेहरा समोर दिसत होता आणि त्याच्या नावाच्या जागी काहीच नव्हतं.

वॉर्ड

दवाखान्यातले दिवस सगळे सारखे. पहाटे अंग पुसायचं, चादर बदलायची, नाकातल्या नळीतून पेज घालायची. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. दहाला डॉक्टरांचा राउंड. डोळ्यांत बॅटरी मारायची आणि नातेवाइकांशी बोलायचं. पेशंटशी कुणी बोलत नाही. भेटायला आलेले लोक माझ्या उशाशी बसून माझ्याविषयी बोलायचे. एका चुलत सासूबाईंनी माझ्यासमोर विचारलं, आता किती दिवस? जणू मी गाडीची वेळ होते.

गंगूमावशी नावाच्या एक आया होत्या. वॉर्डातली सगळ्यांत घाण कामं त्या करायच्या. पण भांडं लावण्याआधी, कूस बदलण्याआधी त्या मला सांगायच्या, "बाई, आता वळवते हां. गार लागंल जरा." करण्याआधी सांगणारं तेवढं एकच माणूस मला त्या अडीच आठवड्यांत भेटलं. तुमच्या घरात असं कुणी पडून असेल तर औषधाआधी एवढं करा. करण्याआधी सांगा.

मालक माझं सगळं करायचे. केस विंचरून वेणी घालायचे, फौजी माणूस, वेणी दोरखंडासारखी घट्ट घालायचे. नळी काढल्यावर चमच्याने पेज भरवायचे. पण माझ्याशी बोलणं त्यांनी बंद केलं होतं. वेणी घालताना ते भिंतीकडे बघायचे. मी डाव्या हाताने त्यांचा सदरा धरायचे, तर ते हलक्या हाताने बोटं सोडवून हात चादरीवर ठेवायचे. नुसतं पकडायची सवय असते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

त्यांनी तार करून सुट्टी पंधरा दिवस वाढवून घेतली. तीही संपली. निघायच्या सकाळी ते ट्रंक घेऊन वॉर्डच्या दाराशी उभे राहिले आणि आत्तींना म्हणाले, "हिला सांगू नगा म्या गेलो म्हणून. तिला कळत न्हाई, उगा कशाला."

मी तीन हातांच्या अंतरावर होते. मला सगळं कळत होतं. मी ओरडले. तोंडातून नुसतं "अं अं" निघालं, आणि आत्तींनी माझ्या ओठांच्या कडेची लाळ पुसली.

बाजेवर

घरी आणलं आणि सोप्यात बाजेवर टाकलं. "टाकलं" हा शब्द कडू आहे, पण दुसरा येत नाही. माझी माणसं वाईट नव्हती. आत्ती साठीच्या पुढे गेलेल्या, तरी माझं हागणंमुतणं काढायच्या. पण घराच्या किल्ल्या जाऊबाईंच्या कमरेला गेल्या. अंगणवाडीचं रजिस्टर कुणीतरी येऊन घेऊन गेलं, मला न विचारता. माझं वय बेचाळीस होतं आणि मला पाणी हवं की नको हे दुसरं कुणीतरी ठरवत होतं.

पत्रं यायची. पूर्वी मालकांच्या आंतरदेशीय पत्रावर माझं नाव असायचं आणि आत पहिली ओळ "तुझं पत्र पोचलं" अशी असायची. आता पत्र थोरल्या दिरांच्या नावाने यायचं. दीर ते सोप्यात बसून मोठ्याने वाचायचे : बैलांची खबर कळवा, हिची औषधं वेळेवर द्या. "हिची". मला एक ओळसुद्धा नसायची. विसरलेल्या बाईला कोण पत्र लिहितं?

श्रावणात मी जेवण थांबवलं. घास तोंडात धरून ठेवायचा आणि आत्तींची पाठ वळली की थुंकायचा. मला मरायचं होतं, हे स्पष्ट लिहिते. अशा घरांतून हा विचार येतोच आणि सगळे तो आला नाही असं दाखवतात. मला मरणाची भीती नव्हती. भीती एवढीच होती की मी गेल्यावर ते म्हणतील, तशीही तिला माझी ओळख नव्हती.

गौरीच्या दिवसांत माझी धाकटी बहीण विमल सांगलीहून मला बघायला आली. ती माझ्याजवळ बसून नुसती रडत होती. तेवढ्यात एक कुत्रं सोप्यात चढलं आणि माझ्या ताटातल्या दहीभाताला त्यानं तोंड लावलं. मी ओरडले, "मेल्या."

स्पष्ट. ठणठणीत. कुत्रंसुद्धा दचकलं. विमल रडायची थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी दुसरं काही बोलू शकले नाही, पण तिनं जे ऐकायचं ते ऐकलं होतं. तिनं आत्तींना सांगितलं की आक्काच्या आत शब्द आहेत, मी तिला घेऊन जाते. दसऱ्याआधी तिनं मला सांगलीला नेलं. सात महिन्यांनंतर माझ्या तोंडून निघालेला पहिला धड शब्द शिवी होता, आणि त्या शिवीनं मला वाचवलं. ज्याला लाज वाटायची त्याला वाटो.

तीन कामं

माझा महिन्यांचा हिशेब चुकला. यात्रा चैत्रातली, म्हणजे पाचच महिने झाले होते. असं अजूनही होतं. खोडत नाही, राहू दे.

विमलचं घर दीड खोलीचं. तिचे यजमान हळदीच्या वखारीत कामाला, संध्याकाळी घरात आले की त्यांच्याबरोबर हळदीचा वास यायचा. मिरजेला एका दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या मॅडम होत्या, बेळगावकडच्या, वयानं माझ्या भाचीएवढ्या. विमल मला आठवड्यातून दोनदा बसनं घेऊन जायची.

मॅडमनी पहिल्या दिवशी मला एक ते दहा आकडे म्हणायला लावले. एक, दोन, तीन त्यांनी म्हटलं आणि पुढचे सगळे माझ्या तोंडून आपोआप घरंगळत आले. विमलनं हात जोडले. मग मॅडमनी चार बोटं दाखवून विचारलं, किती? मला "चार" सांगता येईना. अंगणवाडीत रोज म्हटलेली गाणी, वारांची नावं, आरती, हे सगळं ओळीनं येत होतं. त्यातला एक सुटा शब्द मागितला की दार बंद. मॅडम म्हणाल्या, जे तोंडानं हजार वेळा म्हटलंय ते वेगळ्या कप्प्यात असतं. त्या कप्प्यातून एकेक काढायचं, आणि रोज काढायचं. आठवड्यातून दोनदा इथे येऊन काही होणार नाही.

त्यांनी रोजची तीन कामं लावून दिली. सकाळी चहाच्या आधी एका माणसाला त्याच्या नावानं हाक मारायची, आणि त्यानं ओ दिल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. दिवसात एक असं काम पुरं करायचं जे दुसऱ्याच्या उपयोगी पडेल, माझ्या व्यायामासाठीचं नव्हे. आणि रोज एक गोष्ट मी स्वतः मागायची किंवा नाकारायची, विमलनं मधे बोलायचं नाही, कितीही वेळ लागला तरी. विमलला शेवटचं काम सगळ्यांत जड गेलं. आमच्या घराण्यात बायकांना मधे न बोलण्याची सवय नाही.

"विमल" ही हाक यायला एकोणीस दिवस लागले. एकोणीस सकाळी आम्ही दोघी गार चहा प्यायलो. काम म्हणून मी एका हातानं भुईमुगाच्या शेंगा फोडायला लागले, अंगठ्याखाली दाबून. पहिल्या दिवशी ओंजळभर झाल्या. मग गल्लीतल्या बायका आपापल्या शेंगा आणून द्यायला लागल्या. दाणे न्यायला आल्या की त्या माझ्याशी बोलायच्या, खरोखर माझ्याशी, कारण त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं असायचं. बाजेवरच्या पाच महिन्यांत मला कशाची भूक होती ते तेव्हा कळलं.

पहिला नकार मऊ भाताला होता. मी म्हटलं, "नको." विमल हरखून गेली. पुढचे आठ दिवस मी भाताला, आंघोळीला, गोळीला, झोपेला, सगळ्याला नकोच म्हणत होते, मुद्दाम नव्हे, दुसरं येतच नव्हतं. नवव्या दिवशी विमलनं हातातली ताटली आपटली. "आक्का, मला बी जीव हाय गं. माझी बी कंबर दुखती." मग ती मोरीत जाऊन रडली आणि मी बाहेर बसून रडले. हे दिवस प्रत्येक घरात येतात. त्या रागानं माणूस वाईट ठरत नाही.

बसमध्ये तिकीट मी मागायचं असं ठरलं. कंडक्टरनं विचारलं, कुठं? मला "मिरज" म्हणायचं होतं, निघालं "मंगळवार". मागची पोरी-पोरं फिसकन हसली. कानाच्या पाळ्या पेटल्या माझ्या. घरी येऊन दोन दिवस एक अक्षर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी मॅडमना कळलं, तेव्हा त्या म्हणाल्या, लाज वाटली म्हणजे तुम्हाला कळतंय चूक काय ते. मग परवा पुन्हा मागा. सहा आठवडे मी मंगळवारचं तिकीट मागत होते. मग एक दिवस "मिरज" निघालं आणि कंडक्टर, ज्याला आता सगळं ठाऊक झालं होतं, घंटी मारायची विसरला.

एवढं झालं, पण ते नाव येत नव्हतं. विमलनं पाटीवर लिहून दाखवलं, मॅडमनी ओठ हलवून दाखवले. नुसता "आं" यायचा, पुढचं नाही. दूधवाल्याचं नाव आलं, शेजारणीच्या मांजराचं आलं. ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं ते सोडून सगळी नावं येत होती. कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. ते नाव माझ्या तोंडानं सुटं कधी म्हटलंच नव्हतं. जिभेला त्याची वाट ठाऊक नव्हती.

संक्रांत

विमलनं संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. मी कोपऱ्यात खुर्चीवर, मांडीवर शेंगांचं सूप. बायकांनी एकेकीला नाव घ्यायला लावलं. फिरत फिरत पाळी माझ्यापाशी आली आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. विमल मधे पडायला निघाली. शेजारच्या एक म्हाताऱ्या काकू होत्या, त्यांना कमी दिसायचं, त्यांना खुर्चीत कोण आहे ते कळलंच नसावं. त्या म्हणाल्या, "घ्या की वो, लाजताय काय एवढं."

मी पदर सारखा केला, डाव्या हातानं. काय झालं ते मला सांगता येणार नाही. लग्नात, बारशात, प्रत्येक हळदीकुंकवाला म्हटलेली ती एकच ओळ, मी स्वतः जुळवलेली, तोंडातून सरळ चालत आली :

"वेण्णेच्या वळणावर पेरली साळ, आनंदरावांच्या नावाची घातली माळ."

विमलच्या हातातलं तिळगुळाचं ताट तिरकं झालं. मी स्वतःच ऐकत बसले होते. मग मी ते नाव पुन्हा म्हणायला गेले, एकटं, आणि ते नव्हतं. ओळीबरोबर आलं होतं आणि ओळीबरोबर गेलं होतं.

पण वाट सापडली होती. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांच्याकडे आरती होती, पाढे होते, उखाणा त्यांच्या लक्षातच आला नव्हता. मग रोज तेच सुरू झालं. मांडीवर डाव्या हातानं ताल धरायचा, ओळ म्हणायची, "पेरली साळ" शी थांबायचं, श्वास घ्यायचा आणि फक्त नाव म्हणायचं. मग पहिला भाग मनातल्या मनात म्हणायचा आणि नाव मोठ्यानं. दहातून एकदा यायचं. फाल्गुनात दहातून चारदा. चाराच्या पुढे आकडा कधी गेला नाही.

आत्ती

यात्रेच्या आधी विमलनं मला गावी आणलं. मालक येणार होते. त्या वर्षी गावात पहिला फोन आला होता, दुकानात, आणि त्यांनी निरोप दिला होता की बुधवारी दुपारी मेढ्याला उतरतो. मी आत्तींना म्हटलं, "मी... येते. स्टँड."

आत्ती चुलीपुढे बसल्या होत्या. मी बोलले याचंच त्यांना किती वेळ कौतुक वाटत राहिलं. मग मी मालकांचं नाव घेऊन दाखवलं. त्यांच्यासमोर, पहिल्यांदा. आत्तींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रागावल्या.

त्या म्हणाल्या, "तवा तू माज्यापायी गप बसलीस, व्हय ना?"

मी मान हलवली.

"मला कळलं हुतं गं," त्या म्हणाल्या. "तू पदर ओढलास तवाच कळलं. पर डाक्टरनं कागदावर लिवलं. म्या आडानी, म्या काय बोलू त्याच्यावर? आनि दुसऱ्या दिशी तू खरंच गेलीस. मग कसं सांगू त्याला? म्हनला असता, आई, तवाच का न्हाई बोललीस."

बारा महिने त्यांनी हे पोटात ठेवलं होतं, त्यातले पाच महिने माझी भांडी काढत. मला त्यांचा संताप आला. शब्द असते तर मी त्यांना उभं चिरलं असतं. शब्द नव्हते, म्हणून मी नुसती बघत राहिले, आणि मग दिसलं की विझलेल्या चुलीत त्या नुसतंच जळण सारताहेत. एका पदरानं आम्ही दोघींनी त्या माणसाचं एक वर्ष घालवलं होतं.

स्टँड

बुधवारी मेढ्याच्या स्टँडवर मी बाकावर बसले होते, आत्ती शेजारी. मी मांडीवर ताल धरून मनात ओळ म्हणत होते, पुन्हा पुन्हा. साताऱ्याची गाडी आली. ते मागच्या दारानं उतरले, काळी ट्रंक खांद्यावर. वाळले होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही, मी येईन असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ते गावाकडच्या गाडीच्या दिशेनं चालायला लागले.

मी उभी राहिले. हाक मारली, "आनंदराव."

ते थांबले नाहीत. स्टँडवरची माणसं वळली, उसाच्या गाडीवरचा माणूस वळला, एक बाई तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागली. तेवढे ते वळले नाहीत. आईखेरीज कुठल्या बाईनं त्यांना नावानं हाक मारलीच नव्हती. दुसऱ्या कुणाला तरी असेल, असं त्यांना वाटलं.

मी पुन्हा श्वास घेतला, पुन्हा साळ पेरली, आणि पुन्हा हाक मारली. आता ते वळले. ट्रंक खाली ठेवली. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि लहान पोराला विचारावं तसं हळू विचारलं, "मला वळखतीस?"

त्यासाठी मी दोन शब्द तयार ठेवले होते. फाल्गुनभर घोकले होते. "तवा... बी."

त्यांना कळलं नाही. ते आत्तींकडे बघायला लागले. आत्तींनी सांगितलं, तिथेच, सगळ्या स्टँडवर, मान खाली घालून. दवाखाना, पदर, "म्या म्होरं उभी हुते न्हवं, म्हनून गप बसली" असं सगळं. मालकांनी ऐकून घेतलं. ट्रंक उचलली, मला धरून गाडीत बसवलं आणि शेजारी बसले.

गाडी सुटली. त्यांनी तीन तिकिटं घेतली. मग म्हणाले, "पुन्हा एकदा म्हन."

मी तोंड उघडलं. नाव नव्हतं. ताल धरला, ओळ शोधली, तीही नव्हती. दमले की असं होतं, पण हे त्यांना सांगायलाही शब्द नव्हते. माझे डोळे भरले. पुन्हा तोच दवाखाना, पुन्हा तोच प्रश्न, आणि मी पुन्हा मुकी.

ते माझ्याकडे झुकले. भरल्या गाडीत, आई मागच्या बाकावर असताना, त्या माणसानं माझ्या कानाशी म्हटलं, "वेण्णेच्या वळणावर पेरली साळ..."

वीस वर्षांपूर्वी मांडवात एकदा ऐकलेलं त्यांना पाठ होतं. पुढचं मी म्हटलं.

आता

मालक आता पेन्शनवर आहेत. माझा हात आला नाही, येणारही नाही. अंगणवाडी दुसऱ्या मुलीला मिळाली, ती चांगली आहे, आणि तिची गाणी ऐकू आली की मी अजून दार लावून घेते. ते एक वर्ष आम्हा दोघांमध्ये आहे. भांडण झालं तर तेही निघतं. आत्ती गेल्या. जाण्याआधी त्यांनी माझी माफी मागितली नाही आणि मी दिली नाही, पण शेवटचे दोन महिने त्यांना वळवण्याआधी मी सांगत होते, वळवते हां.

तीन कामं चालू आहेत. एक काम म्हणजे हे अर्धं पान. मागायचं किंवा नाकारायचं ते मी दिवसात पुष्कळ वेळा करते, त्याची आता घरात तक्रार असते. आणि सकाळी चहाच्या आधी मी नाव घेते, ते ओ देतात, मग आम्ही कप उचलतो.

काही सकाळी नाव येत नाही. ते पहिली ओळ सांगत नाहीत, मीच सांगू नका म्हटलं आहे. त्या दिवशी कपावर बशी झाकून ते समोर बसून राहतात.